एकोणचाळीस वर्षांची मूत्रपिंडं

जालिंदर शेडगे यांच्या मूत्रपिंडांचं वय एकोणचाळीस निघालं. स्वतः शेडगे सर त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्यामुळे ही बातमी दुपारपर्यंत साताराभर झाली आणि रविवारी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ‘पहाट मंडळा’नं शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. मूत्रपिंडांसाठी माणसाचा सत्कार होण्याची मंडळाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. अध्यक्ष निवृत्त तहसीलदार होते; त्यांनी भाषणात सरांच्या मूत्रपिंडांची तुलना गडाच्या बुरुजांशी केली. सर चौतीस वर्षं क्रीडाशिक्षक होते. त्यांनी माईक बाजूला सारला.

“मी विशेष काही केलं नाही,” ते म्हणाले. “पहाटे पाचला गड, आणि आल्यावर तिळाचं तेल. आजच्या पोरांना दोन्ही जमत नाही. आमचे चिरंजीव समोरच उभे आहेत. त्यांची एकदा तपासून बघा. साठ निघतील!”

मंडळ हसलं. चिरंजीवही हसले.

चिरंजीव म्हणजे धैर्यशील शेडगे, वय एकेचाळीस, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात वरिष्ठ सहायक. नाव वडिलांनी ठेवलं होतं. त्याप्रमाणे वागण्याची जबाबदारी त्यानं कधी अंगावर घेतली नव्हती. सत्कारात तो सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत राहिला, कारण ज्यांचा सत्कार चालला होता ती मूत्रपिंडं त्याची होती.

घोटाळा झाला तो तेलामुळे. दोन महिन्यांपूर्वी आप्पांना, म्हणजे सरांना, बसल्या जागेवरून उठताना चक्कर आली. हृदयाच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, आणि त्याआधी दंडावर गाळणपट्टी. ही रुपयाएवढी पट्टी अठ्ठेचाळीस तास लावायची. तिला केसाहून बारीक सुया असतात. दर चार तासांनी ती कातडीखाली रंगाचा एक कण सोडते आणि तो कण शरीरातून किती वेगानं नाहीसा होतो ते पाहते. त्यावरून मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त गाळतात ते समजतं. सोबत झोप, नाडी आणि रक्तातलं इतर बरंच काही ती टिपून ठेवते, कारण टिपायला तिला जास्तीचा खर्च येत नाही.

मंगळवारी संध्याकाळी पट्टी लागली. “यावर लक्ष ठेव,” आप्पांनी मुलाला सांगितलं. बुधवारी सकाळी गडावरून आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे अंगाला तेल चोळलं, आंघोळ केली, आणि ते वाचनालयात गेले. पाठोपाठ धैर्यशीलच्या फोनवर संदेश आला. पट्टीचा त्वचेशी संपर्क तुटला आहे. पंधरा मिनिटांत पट्टी न लावल्यास तारीख रद्द होईल. पुढची उपलब्ध तारीख अडीच महिन्यांनंतर.

पट्टी न्हाणीत मोरीच्या जाळीवर पडलेली सापडली. चौदाव्या मिनिटाला त्यानं ती पुसून स्वतःच्या दंडावर लावली. संध्याकाळी आप्पांना सांगून परत त्यांच्या दंडावर लावायची, असा विचार होता. पण संध्याकाळी सांगायचं म्हणजे तेल का चोळलंत असं विचारावं लागणार होतं, आणि आप्पांना असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

“ही पट्टी कुणाची?” रात्री त्याच्या बायकोनं, ऋतुजानं विचारलं.

“आप्पांची.”

“मग तुमच्या दंडावर काय करतेय?”

“तात्पुरती आहे.”

“अहो, सांगून टाका त्यांना. खाणार आहेत का ते तुम्हाला?”

“सांगतो,” धैर्यशील म्हणाला. आप्पांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, की वेळ पुरी झाली होती म्हणून पट्टी काढून पाठवली. एरवी दुधाच्या पिशवीची उलटतपासणी घेणारे आप्पा नुसतं “बरं” म्हणाले. पट्टीचे पहिले बारा तास स्थिरावण्यात जातात, ते हिशेबात धरत नाहीत. उरलेले छत्तीस तास धैर्यशीलचे होते. रक्त काय, एकाच घरातलं, असं त्यानं स्वतःला समजावलं. शिवाय काढायचा होता फोटो. फोटोला मूत्रपिंडांचं काय एवढं?

हे त्याला बारा दिवसांनी, सोमवारी सकाळी अकरा वाजून तीन मिनिटांनी समजलं.

‘दर्पण इमेजिंग’च्या प्रतीक्षागृहात नातेवाइकांसाठी एक माहितीपट सतत चालू असतो. तो पाहिल्याची सही धैर्यशीलनं आल्याआल्याच करून टाकली होती. आप्पा आत गेले, फोनची बॅटरी संपली, आणि दुसरं काहीच बघण्यासारखं नव्हतं म्हणून त्यानं वर पाहिलं.

पडद्यावरची बाई शांतपणे सांगत होती, की एमआरआयमध्ये रक्तवाहिन्या आपोआप उठून दिसत नाहीत. म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचा द्रव सोडतात. धुक्यात रस्त्याच्या कडेला पांढरे पट्टे दिसावेत तशा त्यामुळे वाहिन्या दिसू लागतात. पूर्वी त्यासाठी गॅडोलिनियम हा धातू वापरत. तो मोकळा असला तर विषारी. म्हणून त्याला रेणूंच्या पिंजऱ्यात कोंडून सोडायचं आणि मूत्रपिंडांनी त्याला पिंजऱ्यासकट बाहेर टाकायचं. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नसे. पण थोडासा धातू हाडांत, मेंदूत वर्षानुवर्षं मागे राहतो असं दिसू लागलं, आणि लोकांना ते आवडेना.

मग आलं मापाचं औषध. यात मँगनीज असतं. चिमूटभर मँगनीज शरीराला हवंच असतं, यकृत ते जिरवतं. याचा पिंजरा ठरलेल्या वेळी आपोआप विरघळतो, म्हणजे वर्षानुवर्षं मागे काही राहत नाही. वेळ ठरते तुमच्या मूत्रपिंडांवरून. ती जितक्या वेळात नव्वद टक्के औषध बाहेर टाकतील, तितका वेळ पिंजरा टिकतो. मग उरलेलं मोकळं होतं आणि यकृताच्या वाट्याला येतं. शिंपी जसा अंगाचं माप घेऊन सदरा शिवतो, तसं हे औषध एकाच माणसासाठी बनतं. म्हणून ते भरपूर देता येतं आणि हृदयाची केसाएवढी वाहिनीही स्पष्ट दिसते.

“कृपया लक्षात घ्या,” बाई हसून म्हणाली. “एकाच्या मापाचं औषध दुसऱ्याला कधीही देऊ नये. मूत्रपिंडं मंद असतील, तर औषध शरीरात असतानाच पिंजरा उघडतो. मोकळं मँगनीज एकदम रक्तात आलं तर हृदयाची लय बिघडू शकते.”

त्यानंतर एका सुखी कुटुंबाचं चित्र आलं आणि माहितीपट पहिल्यापासून सुरू झाला.

धैर्यशील उठला. एमआरआयच्या दारावर लाल दिवा लागला होता. दारापर्यंत सोळा पावलं होती. तो नऊ पावलं गेला आणि पाणी प्यायचंच होतं असा चेहरा करून कूलरपाशी थांबला. आप्पांना मध्येच बाहेर काढावं लागेल. का, असं ते विचारतील. मोठ्यानं विचारतील. बरं, आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो कितीसा असणार? रोज गड चढतो तो माणूस. त्यांची खरंच एकोणचाळीस असतील तर? चाळीस असतील तर? तो तीन पेले पाणी प्याला. माहितीपटातली बाई पुन्हा शिंप्यापर्यंत आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण इथं सतरा मिनिटं उभे आहोत.

मग त्यानं दार न ठोठावता ढकललं.

आत काचेच्या अलीकडे डॉ. रुकसाना मुलाणी पडद्यासमोर बसल्या होत्या. काचेपलीकडे यंत्राच्या बोगद्यातून आप्पांची फक्त पावलं बाहेर आली होती. ती सावधान स्थितीत होती.

“आत यायचं नाही, लाल दिवा दिसला नाही का?”

“मॅडम, एक विचारायचं होतं. समजा, एखाद्याची पट्टी थोडा वेळ दुसऱ्याच्या दंडावर राहिली, तर?”

“किती वेळ?”

“छत्तीस तास.”

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. “कुठल्या पेशंटची?”

धैर्यशीलनं काचेकडे बोट केलं.

त्यांनी टेबलावरचं लाल बटण दाबलं. बोगद्यातला ठोकल्यासारखा आवाज एकदम थांबला. पण औषध सोडणाऱ्या पंपाच्या पडद्यावर आधीच हिरवी अक्षरं उमटली होती. मात्रा पूर्ण, अकरा वाजून अठरा मिनिटं. दोन मिनिटांपूर्वी.

“दुसरा कोण?”

“मी.”

त्यांनी पट्टीचा अहवाल उघडला. वरच्या कोपऱ्यात पिवळी खूण होती. वय आणि मूत्रपिंडं यांत तफावत आहे, कारण निवडा, असं यंत्रानं विचारलं होतं. खाली निवडलं होतं, ‘खेळाडू’.

“हे मी दाबलंय,” डॉ. मुलाणी हळू आवाजात म्हणाल्या. “शाळेत असताना मला त्यांनीच लंगडी शिकवली. मला वाटलं, असतील बाबा.” मग त्यांचा आवाज बदलला. “शिंगटे, पेशंटला बाहेर घ्या. बोटातून रक्त, आत्ताच्या आत्ता.”

टेक्निशियन शिंगट्यांनी रक्ताचा थेंब घेतला. चार मिनिटांनी आकडा आला. औषध ज्या मूत्रपिंडांच्या मापानं बनलं होतं ती मिनिटाला एकशे चार मिलिलिटर रक्त गाळत होती. आप्पांची सव्वीस.

“तुमच्या मापाचा पिंजरा सहा तास टिकतो,” डॉक्टर म्हणाल्या. “पाच अठराला उघडायला लागेल. तोवर तुमच्या अंगातून बहुतेक सगळं गेलं असतं. त्यांच्या अंगात निम्म्याहून जास्त असेल.”

“मग?”

“मग हृदय. आपल्याकडे एकच उपाय आहे, डायलिसिस. वरच्या मजल्यावर मशीन आहे, पिंजरा बंद असेपर्यंत ते औषध गाळून काढता येतं. चार तास लागतात. म्हणजे एकच्या आत सुरू व्हायला हवं.”

“करा ना मग! मी सही करतो.”

“तुमची सही चालत नाही आता. नवा कायदा झालाय. पेशंट शुद्धीवर असेल तर त्यानं स्वतःच्या तोंडानं कॅमेऱ्यासमोर हो म्हणायला लागतं. पूर्वी नातेवाईकच सगळ्यांच्या वतीनं सह्या करायचे, पेशंटला शेवटपर्यंत काही कळायचं नाही. ते बंद झालं. चांगलंच झालं म्हणा.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “आज सोडून.”

आप्पा खाटेवर बसून सदऱ्याची बटणं लावत होते. त्यांना काही होत नव्हतं. अडचण होती ती हीच.

“डायलिसिस?” ते म्हणाले. “कुणाला, मला? रुकसाना, तू आहेस ना शुद्धीवर?”

“सर, औषधाचं माप चुकलंय. ते शरीरातून लवकर काढायला हवं.”

“निघेल की आपोआप. मूत्रपिंडं कशाला आहेत?” त्यांनी पिशवीतून अहवाल काढला. त्याला प्लॅस्टिक चढवून घेतलं होतं. “वाच. एकोणचाळीस. तुमच्याच यंत्राचा आकडा आहे, मी घरी लिहिलेला नाही.”

“तो आकडा चुकीचा आहे सर.”

“मागच्या सोमवारी बरोबर होता, आज चुकीचा? आमच्या मंडळातले जगदाळे असेच एक दिवसासाठी म्हणून त्या मशीनवर गेले. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा जात होते. परत गडावर काही आले नाहीत. ते मशीन एकदा लागलं की माणसाचं मंगळवार-गुरुवार-शनिवार होतं. मी लावून घेणार नाही.”

बारा वाजून पाच मिनिटं झाली. हृदयाच्या डॉक्टरांनी फोनवर वीस मिनिटं समजावलं. आप्पांनी तो फोन अहवालावर ठेवून ऐकला आणि शेवटी “धन्यवाद” म्हणून बंद केला.

डॉ. मुलाणींनी धैर्यशीलला बाहेर बोलावलं.

“मी सांगितलं तर केंद्र चूक झाकतंय असं त्यांना वाटेल. तसं वाटतंयही. तुम्ही सांगा.”

“मी काय सांगू?”

“जे मला सांगितलंत ते.”

“ते ऐकणार नाहीत. माझं ते कधीच…”

“मिस्टर शेडगे,” डॉक्टर म्हणाल्या, “बारा एकतीस झालेत.”

धैर्यशील आत गेला. आप्पा पायात बूट घालत होते.

“आप्पा, पट्टीत जरा बिघाड होता.”

“बिघाड असता तर आकडा वाईट आला असता. एकोणचाळीस कशाला आला असता?”

हा माणूस चौतीस वर्षं पोरांचे बहाणे ऐकत आला होता. अर्धवट बहाणा त्याच्यापुढं टिकत नसे. आप्पांनी एका बुटाची नाडी बांधली. दुसरी हातात घेतली.

“ती माझी आहेत,” धैर्यशील म्हणाला.

“काय?”

“मूत्रपिंडं. रिपोर्ट माझा आहे. तुमची पट्टी तेलानं पडली होती. मी माझ्या दंडावर लावली. तुम्हाला सांगायची भीती वाटली.”

आप्पा त्याच्याकडे पाहत राहिले, मग खरंच हसले. “तुझी? एकोणचाळीस? दोन जिने चढलास की कठडा धरतोस. सत्काराच्या दिवशी तोंड पडलं होतं तुझं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. बापाचं चांगलं झालेलं बघवत नाही काही जणांना.”

“गुरुवारी पहाटे पाचला तुम्ही कुठं होता?”

आप्पा किंचित थांबले. “गडावर. आणखी कुठं?”

धैर्यशीलनं डॉक्टरांकडून पट्टीची नोंद मागून घेतली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. “पट्टी झोपली होती. हे बघा. रात्री बारापासून सकाळी आठ दहापर्यंत. आडवी. एकदाही उठली नाही.”

“त्या यंत्राचं घड्याळ मागं असेल.”

“असेल. ही त्याच्या वरची ओळ वाचा.”

आप्पांनी चष्मा लावला. वाचायला त्यांना वेळ लागला. काही झालं तरी ही ओळ त्यांच्या डोळ्यांपुढं येऊ नये म्हणून धैर्यशीलनं गेले बारा दिवस फोनला नवा पासवर्ड टाकला होता. बुधवार, रात्री दहा वीस. रक्तात मद्यार्काचं प्रमाण.

शेडगे सरांनी उभ्या आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

“दोन बिअर,” धैर्यशील म्हणाला. “बुधवारी पितो मी. सहा वर्षं झाली.”

बाहेर शिंगटे कुणाला तरी चाकाची खुर्ची तयार ठेवायला सांगत होते. बारा एक्केचाळीस.

“कुणाबरोबर?” आप्पांनी विचारलं.

“एकटाच. ऑफिसमागं टाकी आहे, तिच्या खाली.”

“पाण्याच्या टाकीखाली बसून बिअर पितोस?”

“हो.”

“आणि घरी सांगतोस मीटिंग आहे.”

“हो.”

आप्पांनी चष्मा काढला. नोंद पुन्हा एकदा डोळ्यांपासून लांब धरून पाहिली, जशी काही लांबून ती वेगळी दिसणार होती. मग डॉक्टरांकडे वळले. “माझा आकडा काय आला?”

“सव्वीस, सर.”

“सव्वीस?” क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, आणि डॉ. मुलाणींना भिंतीकडं बघावंसं वाटलं.

“वय नाही सर. वेग. तुमच्या वयाला साठ तरी असायला हवा होता.”

आप्पांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडून दिली, पायातला बूट काढला आणि खाटेखाली दोन्ही बूट शेजारी शेजारी नीट लावून ठेवले.

“कॅमेरा कुठाय तो?” ते म्हणाले. “मी जालिंदर मारुती शेडगे, वय त्र्याहत्तर. माझ्यावर डायलिसिस करायला माझी हरकत नाही. आणि हे फक्त आजच्या दिवसापुरतं आहे, ते पण येऊ दे रेकॉर्डात.”

बारा सत्तावन्नला मशीन सुरू झालं.

डायलिसिस म्हणजे काही नाट्यमय गोष्ट नाही. लाल नळीतून रक्त जातं, लाल नळीतून परत येतं. मधे कपाटाएवढं एक यंत्र कुरकुरत राहतं. आप्पांच्या मानेच्या बाजूला नळी घातली होती, त्यामुळे त्यांना मान वळवता येत नव्हती; ते छताकडे बघत पडले होते. धैर्यशील स्टुलावर बसून होता. ऋतुजा शाळेतून परस्पर आली. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तिला सगळं समजलं असावं. “मी खाली थांबते,” ती म्हणाली. “फॉर्म भरायचे असतील.”

पाच वाजता डॉ. मुलाणी वर आल्या. ड्युटी संपली होती तरी एप्रन अंगावरच होता. त्यांनी मशीनमधून आलेल्या शेवटच्या नमुन्याचा कागद पाहिला.

“बरंच निघालंय.”

“बरंच म्हणजे किती?” धैर्यशीलनं विचारलं.

“दहा टक्क्यांच्या आसपास उरलं असेल तर यकृत जिरवेल. वीस असेल तर…” त्यांनी वाक्य तिथंच सोडलं आणि सिस्टरला कॅल्शियमची सिरिंज भरून ठेवायला सांगितलं. मोकळं मँगनीज हृदयातली कॅल्शियमची वाट अडवतं; ती मोकळी करायला तेच लागतं. आप्पांच्या छातीला तारा लावल्या गेल्या. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली. प्रत्येक ठोक्याला बारीक टिक् वाजत होतं.

पाच दहा. पाच बारा.

“धैर्यशील,” आप्पा छताला म्हणाले.

“काय आप्पा?”

“पट्टी पडली ते मला न्हाणीतच कळलं होतं.”

धैर्यशीलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“तेल चोळताना हाताला लागली, सरकली. मी आंघोळ करून निघून गेलो. म्हटलं, कुणी विचारलं तर बघू. तू म्हणालास वेळ पुरी झाली होती. मी म्हटलं, झाली असेल.”

“मग रिपोर्ट आल्यावर तरी…”

“एकोणचाळीस आलं होतं रे. मग कशाला बोलतोय मी?”

टिक्. टिक्. पाच चौदा.

“मी गड चढत नाही,” आप्पा म्हणाले. “सहा महिने झाले. दुसऱ्या वळणापर्यंत जातो. पुढं दम लागतो. तिथं दगडावर बसतो अंधारात. पावणेसहाला मंडळाची माणसं खालून येताना दिसली की उठतो आणि उतरायला लागतो. त्यांना वाटतं, वरून आलो. ‘सर, तुम्ही उतरलात पण?’ असं विचारतात. मी म्हणतो, तुमची झोप होऊ दे आधी.”

“रोज?”

“रविवारी ते लवकर येतात. रविवारी माझा गुडघा दुखतो.”

धैर्यशीलनं स्टूल पुढं ओढलं. एवढ्या वर्षांत या माणसाचा हात आपण कधी धरला होता का, ते त्याला आठवेना. धरायचा कसा तेही नीटसं माहीत नव्हतं. त्यानं मनगट धरलं, नाडी बघतात तसं. पाच अठरा झाले. काही झालं नाही. पाच वीस. सिस्टरनं श्वास सोडला आणि डॉ. मुलाणींनी तिच्याकडं नुसतं पाहिलं.

पाच चोवीसला एक टिक् वाजायचं राहिलं.

मग दोन एकदम वाजले. मग पुन्हा एक गाळला गेला. हिरवी रेघ सपाट झाली, तिच्यात एक वेडावाकडा उंचवटा आला, परत सपाट. धैर्यशीलच्या बोटांखाली काहीच नव्हतं. “कॅल्शियम,” डॉक्टर म्हणाल्या. सिरिंजचा दांडा हळूहळू आत जात होता. त्याहून जलद तो घालत नाहीत हे धैर्यशीलला माहीत नव्हतं, आणि सिस्टरच्या हातून ती हिसकावून घ्यावी असं त्याला वाटत होतं. आप्पांचे डोळे उघडे होते. ते काही मोजत असावेत. ओठ हलत होते.

टिक्.

बराच वेळ पुढचा आला नाही. मग आला. मग त्याच्या मागून दुसरा, जरा अडखळत, मग तिसरा.

पाच पन्नासला डॉ. मुलाणींनी पडद्याकडं पाठ केली. “जिरतंय,” त्या म्हणाल्या. “आज रात्री इथंच ठेवू. सर, तुमच्या मूत्रपिंडांना नीट औषधपाणी हवं. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?” मग त्या स्वतःवरच वैतागल्यासारख्या हसल्या आणि झाल्या चुकीचा अहवाल लिहायला खाली गेल्या. त्या अर्जात चूक कुणाची या रकान्याला चार पर्याय होते. डॉक्टर, टेक्निशियन, यंत्र, कंपनी. घरची माणसं नव्हती.

सिस्टर नळ्या सोडवायला लागली. आप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला होता, आणि त्याच्याबरोबर जुना करडेपणाही परत येऊ लागला होता.

“मघाशी मी काही बोललो का रे?” त्यांनी विचारलं. “औषधाच्या गुंगीत माणूस काहीही बरळतो.”

गुंगीचं औषध त्यांना कुणी दिलं नव्हतं. धैर्यशीलनं सवयीनं तोंड उघडलं. “काही नाही आप्पा” हे शब्द त्याच्या जिभेवर तयारच असत. गेली पस्तीस वर्षं ते तिथून हलले नव्हते.

“बोललात,” तो म्हणाला. “दुसऱ्या वळणापर्यंतच जाता. पुढं दम लागतो. दगडावर बसता.”

सिस्टरचे हात क्षणभर थांबले. खोलीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो बोलला होता.

“हळू बोल की,” आप्पा म्हणाले. एकेचाळीस वर्षांत त्यांनी त्याला असं सांगण्याची ही पहिलीच वेळ होती.